‘मृत्युंजय’च्या गावात आज काय वाचावं? आजऱ्यातल्या एका वाचकाची दहा पुस्तकांवर परखड मतं

थोडक्यात
• पाच मराठी कादंबऱ्या आणि पाच ग्राफिक नॉव्हेल्स : काय आवडलं, काय खटकलं.
• ग्राफिक नॉव्हेल म्हणजे नक्की काय? ते लहान मुलांचं कॉमिक आहे का?
• मराठीत ही पुस्तकं इतकी कमी का? मोबाइलवर ती वाचता येतात का?
• तालुक्याच्या वाचनालयात ती यावीत म्हणून वाचक काय करू शकतो?

आजऱ्यात राहून ‘मृत्युंजय’बद्दल वाकडं बोलायचं म्हणजे घरच्या देवाला नाव ठेवण्यासारखं. शिवाजी सावंत आमच्या गावचे. ३१ ऑगस्ट १९४० रोजी त्यांचा जन्म आजऱ्यात झाला. ज्या घरात दुसरं पुस्तक सापडणार नाही, त्या घरातही ‘मृत्युंजय’ची एखादी प्रत असते. पाठीचा कणा सुटलेली, कव्हरला खाकी कागद घातलेली आणि पहिल्या पानावर ‘वाचून परत करावे’ असं लिहिलेली.

१४ फेब्रुवारी २०२५ रोजी ‘छावा’ चित्रपट आला. तो सावंतांच्याच कादंबरीवर बेतलेला. मग घरोघरी सावंतांची पुस्तकं पुन्हा कपाटातून खाली आली. आमच्याकडेही आली. नववीतल्या माझ्या भाचीनं ‘छावा’ आधी घेतला आणि मग ‘मृत्युंजय’. वीसेक दिवसांनी तिनं मला एकच प्रश्न विचारला, ‘आत्या, या पुस्तकात सहा जण बोलतात. मग द्रौपदीला का नाही बोलू दिलं?’

मी हे पुस्तक तोवर दोनदा वाचलं होतं. दोन्ही वेळा रडले होते. हा प्रश्न मात्र मला कधीच पडला नव्हता.

त्या प्रश्नाला उत्तर द्यायचं म्हणून मी ते तिसऱ्यांदा वाचलं. मग वाचतच गेले. हा लेख त्या वाचनातून आला आहे. मी समीक्षक नाही, साधी वाचक आहे. त्यामुळे जे आवडलं ते आवडलं म्हणते आणि जिथं कंटाळा आला तिथं कंटाळा आला म्हणते.

ग्राफिक नॉव्हेल म्हणजे काय?

सोप्या शब्दांत सांगायचं तर चित्रांच्या चौकटींतून सांगितलेली पूर्ण लांबीची गोष्ट. हवं तर तिला चित्रकादंबरी म्हणा. १९७८ मध्ये अमेरिकेत विल आयस्नर यांचं ‘अ कॉन्ट्रॅक्ट विथ गॉड’ आलं आणि ‘ग्राफिक नॉव्हेल’ हा शब्द रुळला. पुढे आर्ट स्पिगेलमन यांच्या ‘माउस’ला १९९२ मध्ये पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. त्यात ज्यू माणसं उंदीर आहेत आणि नाझी मांजरं. छळछावणीची ती गोष्ट वाचल्यावर कॉमिक म्हणजे पोरखेळ, असं कुणी म्हणत नाही.

मग हे परदेशी खूळ आहे का? मुळीच नाही. आजऱ्याहून आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीमार्गे कुडाळकडे गेलात, तर पिंगुळी लागते. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी ही कला पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. सुट्या कागदांवर रंगवलेली रामायण-महाभारताची चित्रं, त्यांची पोथी, एकेक चित्र पुढे धरायचं आणि गात गात गोष्ट सांगायची. याच कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. चित्र दाखवून महाभारत सांगणं घाटाखाली कधीचं चालू आहे. आपण फक्त त्याला पुस्तक म्हटलं नाही.

एकाच वर्षातल्या चार गोष्टी

१९६७ हे वर्ष लक्षात ठेवा. या वर्षी ‘मृत्युंजय’ आली. याच वर्षी इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ आलं. त्याला पुढच्या वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. याच वर्षी अनंत पै यांनी ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. आणि याच वर्षी महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. गावोगावच्या वाचनालयांना आज जे अनुदान मिळतं, ते या कायद्यामुळे.

म्हणजे एकाच वर्षात महाभारत तीन वाटांनी मराठी घरात शिरायला निघालं : कादंबरीतून, चिकित्सेतून आणि चित्रांतून. पुस्तक गावात टिकण्याची सोयही त्याच वर्षी झाली. पहिली वाट आपण राजरस्ता केली. दुसरीवर थोडे लोक चालले. तिसरी मात्र पोरांसाठी म्हणून सोडून दिली. मला वाटतं, चूक तिथं झाली.

आता एकेक पुस्तक बघू.

१. मृत्युंजय : शिवाजी सावंत

कादंबरीचे नऊ भाग आहेत आणि निवेदक सहा : कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण. चार भाग एकट्या कर्णाचे. सत्तावीस वर्षांच्या लेखकानं हा आराखडा पेलला, याचं आजही नवल वाटतं. या कादंबरीसाठी सावंतांना भारतीय ज्ञानपीठाचा मूर्तिदेवी पुरस्कार मिळाला.

काय आवडलं : शोण. मोठ्या भावाच्या सावलीत वाढलेल्या धाकट्याचा आवाज मला तिसऱ्या वाचनात सगळ्यात खरा वाटला. कुंतीचा भागही तसाच. आई म्हणून ती काय लपवते आणि ते लपवताना स्वतःशी काय बोलते, हे सावंतांनी फार जवळून लिहिलं आहे.

काय खटकलं : सगळेजण एकाच भाषेत बोलतात. सूतपुत्र शोण, राजकन्या कुंती आणि उर्मट दुर्योधन यांच्या तोंडी उपमा सारख्याच, वाक्यं सारखीच लांब. सूर्यावरची वर्णनं पंधराव्या वर्षी भारून टाकतात, पंचेचाळिसाव्या वर्षी पानं उलटायला लावतात.

आणि भाचीचा प्रश्न. द्यूतसभेत कर्ण जे बोलला, त्याचं कारण कादंबरी आपल्याला देते : त्याचा झालेला अपमान. पण ज्या बाईला ते ऐकावं लागलं, तिचा भाग कुठे आहे? सहा निवेदकांत दोन बायका आहेत. एक कर्णाची आई, एक त्याची बायको. दोघीही त्याच्याच. द्रौपदी त्याची कुणी नव्हती, म्हणून तिला बोलायला पान मिळालं नाही. कर्णावर एवढी माया करणाऱ्या पुस्तकाला हे परवडलं नसतं, हेही मला कळतं. पण ते वाचताना आता टोचतं.

मत : पंधरा-सोळाव्या वर्षी वाचाच. पुन्हा वाचाल तेव्हा सोबत ‘युगान्त’ ठेवा. कर्वेबाईंनी कर्णावरच्या लेखाचं नावच ‘मी कोण?’ असं ठेवलं आहे. त्या कर्णाला सोडत नाहीत आणि झोडतही नाहीत, तपासतात.

२. राधेय : रणजित देसाई

गंमत बघा. कर्णावरच्या मराठीतल्या दोन गाजलेल्या कादंबऱ्या शेजारशेजारच्या तालुक्यांतल्या लेखकांनी लिहिल्या. सावंत आजऱ्याचे, तर देसाई चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे. ‘राधेय’ आली १९७३ मध्ये.

काय आवडलं : आटोपशीरपणा. देसायांना थांबावं कुठे हे कळतं. संवाद नाटकासारखे नेमके आहेत.

काय खटकलं : कर्ण फारच हळवा झाला आहे. त्याच्या हातून काही वाईट घडलं असेल यावर विश्वासच बसत नाही. ‘मृत्युंजय’मधला कर्ण निदान चिडतो तरी. इथला नुसता उसासे टाकतो.

मत : मोठं पुस्तक हातात धरायला वेळ नसेल, तर कर्णाची ओळख इथून करून घ्या. पण दोन्ही पुस्तकं वाचून कर्णाची बाजू दोनदा ऐकली, एवढंच होईल. समोरची बाजू बाकी राहील.

३ आणि ४. आदि पर्व, सौप्तिक : अमृता पाटील

आडनाव मराठी, वाढल्या गोव्यात, लिहितात इंग्रजीत. २००८ मधलं ‘कारी’ हे त्यांचं पहिलं ग्राफिक नॉव्हेल. मग त्या महाभारताकडे वळल्या. ‘आदि पर्व’ २०१२ मध्ये आलं, ‘सौप्तिक’ २०१६ मध्ये.

‘आदि पर्व’मध्ये रात्रीच्या वेळी रस्त्यावर एक बाई गोष्ट सांगायला बसते. ती गंगा आहे. येणारे-जाणारे थांबतात, ऐकतात, शंका काढतात. हे प्रसंग कोळशानं काढल्यासारखे काळेकरडे आहेत आणि पुराणातली गोष्ट सुरू झाली की पानावर रंग येतो. ‘सौप्तिक’मध्ये सूत्रधार आहे अश्वत्थामा. झोपलेल्या माणसांना मारणारा माणूस आपल्याला गोष्ट सांगतोय, हेच अंगावर येतं.

काय आवडलं : ऐकणारी माणसं. आपल्याकडे कीर्तनात, पोथीत श्रोता असतोच. पुस्तकात तो हरवतो. इथे तो परत आला आहे. आणि कर्ण या गोष्टीचा मध्य नाही. ‘मृत्युंजय’वर वाढलेल्या माझ्यासारखीला हे आधी चुकल्यासारखं वाटलं, नंतर मोकळं वाटलं.

काय खटकलं : इंग्रजी जड आहे. काही पानांवर चित्र इतकं सुंदर आणि मजकूर इतका तत्त्वज्ञानाचा की गोष्ट मध्येच थांबते. महाभारत आधी ठाऊक नसेल तर नात्यांचा गुंता सुटत नाही. भाचीनं चित्रं दोनदा पाहिली, मजकूर निम्मा सोडला. तिचं म्हणणं, ‘हे मराठीत असतं तर मी एका रात्रीत संपवलं असतं.’

मत : ‘आदि पर्व’ आधी. तेवढं रुचलं तरच ‘सौप्तिक’.

५. रिंगाण : कृष्णात खोत

खोत पन्हाळा तालुक्यातले. या कादंबरीला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणासाठी गाव उठलं. माणसं नव्या जागी गेली. एक म्हैस मात्र मागे जंगलात राहिली. देवाप्पा तिला आणायला उठलेल्या गावाकडे परत जातो. म्हैस आता माणसाळलेली राहिलेली नाही.

एवढीच गोष्ट. पण आमच्या तालुक्यात ती ‘एवढीच’ नाही. चित्री, उचंगी, आंबेओहोळ ही नावं इथं पाण्यासाठी घेतली जातात, तशी उठलेल्या घरांसाठीही घेतली जातात. माझ्या मावशीचं घर असंच एका धरणात गेलं. ती घराबद्दल फारसं बोलत नाही. परड्यातल्या चिंचेबद्दल बोलते. ‘घर मोजलं, जमीन मोजली, झाडं मोजली. सावली कुणी मोजली न्हाई,’ असं एकदा म्हणाली होती. ‘रिंगाण’ वाचताना मला तीच आठवत राहिली.

काय आवडलं : विस्थापन म्हटलं की आपण फायली, मोर्चे आणि भरपाईचं बोलतो. खोत जनावराचं बोलतात. माणसाला नवा प्लॉट मिळतो, म्हशीला काय मिळतं? हा प्रश्न भाषण न करता विचारला आहे.

काय खटकलं : सुरुवातीची तीस-चाळीस पानं चढणीची आहेत. बोली अशी दाट की आम्हा कोल्हापूरकरांनाही काही वाक्यं दोनदा वाचावी लागतात. देवाप्पाच्या मनातलं फिरून फिरून येतं. पुण्या-मुंबईच्या वाचकानं पुस्तक तिथंच खाली ठेवलं, तर मी त्याला दोष देणार नाही. पण त्यानं ते पुन्हा उचलावं.

मत : या यादीतली मला सगळ्यात जास्त लागलेली कादंबरी. मोठ्यानं वाचा. कानाला जे लगेच कळतं, ते डोळ्यांना उशिरा कळतं.

६. झाडाझडती : विश्वास पाटील

‘रिंगाण’नंतर ही पुन्हा काढली. १९९१ ची कादंबरी, १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार. विषय तोच, धरणग्रस्त. पाटीलही कोल्हापूर जिल्ह्यातले आणि स्वतः प्रशासकीय सेवेत होते. त्यामुळे सरकारी कागद कसा फिरतो, कुठे अडतो, कुणाच्या हातून सरकतो, हे त्यांना आतून ठाऊक.

काय आवडलं : माहिती. पुनर्वसन म्हणजे काय आणि ते का फसतं, हे समजून घ्यायचं तर दहा अहवालांपेक्षा ही एक कादंबरी वाचावी.

काय खटकलं : लांबी. आणि माणसं दोन रांगांत उभी आहेत, लुटणारी आणि लुटली जाणारी. खऱ्या गावात तोच माणूस सकाळी एका रांगेत असतो आणि संध्याकाळी दुसऱ्या. शेवटाकडे दुःखावर दुःख येत राहतं, तेव्हा मन बधिर होतं.

मत : आधी ‘झाडाझडती’, मग ‘रिंगाण’. पहिली काय घडलं ते सांगते, दुसरी ते घडल्यावर आत काय उरलं ते सांगते.

७. रिव्हर ऑफ स्टोरीज : ओरिजित सेन

तिसरं पुस्तकही धरणाचं. १९९४ मध्ये ‘कल्पवृक्ष’ या संस्थेनं काढलेलं हे नर्मदा आंदोलनाच्या पार्श्वभूमीवरचं चित्रपुस्तक. भारतातलं पहिलं ग्राफिक नॉव्हेल म्हणून अनेकजण याचंच नाव घेतात. मधली कित्येक वर्षं ते मिळतच नव्हतं. २०२२ मध्ये नवी आवृत्ती आली.

यात दोन धागे आहेत. एकीकडे आदिवासी गायक मालगू गायन सृष्टी कशी निर्माण झाली ते गातो. दुसरीकडे विष्णू नावाचा तरुण पत्रकार धरणाची बातमी करायला जातो. काळ्यापांढऱ्या रेषा, कुठेही भपका नाही.

काय आवडलं : नदी. वाहत्या पाण्यासारखी चित्रं चौकट मोडून पुढच्या पानात जातात. आपल्याला हे लांबचं वाटायचं कारण नाही. नर्मदेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांत नंदुरबार जिल्ह्यातली गावंही आहेत.

काय खटकलं : पत्रकाराचा धागा कच्चा. शहरातला पांढरपेशा तरुण आदिवासींत जातो आणि त्याचे डोळे उघडतात, हे आता फार वेळा वाचलं आहे.

मत : ‘रिंगाण’ जड गेली असेल तर हे घ्या. तासाभरात होतं, पण मनातून जात नाही.

८. भीमायन : दुर्गाबाई व्याम, सुभाष व्याम

२०११ मध्ये ‘नवयान’नं काढलेलं पुस्तक. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं, चित्रं परधान गोंड कलाकार दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांची. दुर्गाबाईंना २०२२ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. डॉ. आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवलेले अनुभव यात आहेत. १९०१ मध्ये वडिलांना भेटायला मसूर स्टेशनवर उतरलेली आणि पुढे गोरेगावच्या वाटेवर पाण्यासाठी तळमळलेली मुलं. बडोद्यात नाकारलेलं छप्पर. १९३४ मध्ये दौलताबाद किल्ल्यावर टाकीतल्या पाण्यावरून झालेला अपमान.

काय आवडलं : व्याम दांपत्यानं चौकटी काढायलाच नकार दिला. माणसांना डब्यात कोंडायचं नाही, मोकळं ठेवायचं. त्यामुळे गोंड नक्षीच्या पट्ट्या पानभर वाहतात. संवादाचे फुगेही बोलतात. साध्या, मायेच्या बोलण्याला पक्ष्याच्या आकाराचा फुगा आणि विखारी बोलण्याला विंचवाची नांगी. हे एकदा कळलं की कोण डंख मारतोय, ते मजकूर वाचण्याआधीच दिसतं. लिहिलेल्या शब्दाला हे जमणार नाही.

काय खटकलं : मधेमधे आजच्या काळातल्या बसथांब्यावर दोघांचं बोलणं येतं. आरक्षणावर शंका काढणारा एक आणि त्याला समजावणारी दुसरी. उद्देश चांगला, पण तिथं पुस्तक शाळेच्या फळ्यासारखं होतं.

मत : मार्च १९२० ची माणगाव परिषद आपल्या जिल्ह्यात झाली. शाहू महाराज आणि आंबेडकर तिथं एका व्यासपीठावर होते, याचा आपल्याला अभिमान आहे. तो अभिमान असलेल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत हे पुस्तक असावं. यादीतलं एकच पुस्तक विकत घ्यायचं तर हे घ्या.

९. अ गार्डनर इन द वेस्टलँड : श्रीविद्या नटराजन, अपराजिता निनान

जोतीराव फुल्यांच्या १८७३ मधल्या ‘गुलामगिरी’वर आधारलेलं हे पुस्तक २०११ मधलं. मूळ ‘गुलामगिरी’ जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादातून पुढे जाते. अमेरिकेत गुलामगिरी संपवणाऱ्या लोकांना ती अर्पण केलेली आहे. या पुस्तकानं तोच धागा पकडून आजच्या काळापर्यंत आणला आहे.

काय आवडलं : विनोद. फुल्यांचा तिरकसपणा चित्रांत उतरला आहे. भाची हसत होती आणि हसता हसता गप्प झाली.

काय खटकलं : घाई. एका पानात इतके काळ, इतके देश, इतके संदर्भ येतात की धाप लागते. सावित्रीबाईंसाठी आणखी जागा हवी होती.

मत : मूळ ‘गुलामगिरी’ मराठीत सहज मिळते. आधी तीच वाचा. मग हे वाचताना दुप्पट मजा येईल.

१०. उसवण : देविदास सौदागर

तुळजापूरच्या या लेखकाला २०२४ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला. ते स्वतः शिलाईकाम करत आलेले. कादंबरी शिंप्याची आहे. रेडिमेड कपडे आले आणि मशीनपुढं बसणारा माणूस हळूहळू कसा उसवत गेला, त्याची.

काय आवडलं : हिशेब. किती शर्ट शिवले, किती पैसे आले, दुकानाचं भाडं किती. मराठी कादंबरीतली माणसं पोटापाण्याला काय करतात, हे बऱ्याचदा कळतच नाही. इथं प्रत्येक टाका दिसतो. आमच्या बाजारपेठेतही सणासुदीला रात्री उशिरापर्यंत मशीनचा आवाज यायचा. तो कधी थांबला, हे आम्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. हे पुस्तक वाचल्यावर आलं.

काय खटकलं : छोटी आहे. बायकोच्या आणि घरातल्यांच्या मनात काय चाललंय, ते हाती लागेपर्यंत पान संपतं.

मत : पहिल्यांदाच कादंबरी हातात घेणाऱ्या तरुणाला मी हीच देईन. ‘मृत्युंजय’ नाही.

मराठीत ग्राफिक नॉव्हेल्स इतकी कमी का?

वरची पाचही चित्रपुस्तकं मी इंग्रजीत वाचली, यातच दुखणं आलं. कारणं साधी आहेत.

• खर्च : चित्रांना चांगला कागद लागतो, रंग असतील तर छपाई महाग पडते. कमी प्रती काढल्या की एका प्रतीची किंमत चढते.
• वेळ : लेखक एक कादंबरी लिहितो तेवढ्याच वेळात चित्रकाराला शेकडो चित्रं काढायची असतात. तेवढे महिने त्याचं घर कसं चालायचं?
• अनुवाद : इथं नुसता मजकूर बदलून भागत नाही. इंग्रजीच्या मापाचा फुगा मराठी वाक्याला पुरत नाही. अक्षरं नव्यानं बसवावी लागतात, कधी चित्रही सरकवावं लागतं.
• समज : ‘चित्रं आहेत म्हणजे लहान मुलांचं.’ मोठी माणसं घेत नाहीत आणि विषय मोठ्यांचे असल्यानं मुलांना देत नाहीत.

शेवटचं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. पैशाचं गणित नंतर सुटतं. आधी वाचकानं ‘हे माझ्यासाठी आहे’ असं म्हणायला हवं.

मोबाइलवर वाचता येतं का?

कादंबरी येते. अक्षर मोठं करा, रात्री पडद्याचा उजेड कमी करा, झालं. चित्रपुस्तकाचं तसं नाही. ‘भीमायन’सारख्या पुस्तकात दोन समोरासमोरची पानं मिळून एक चित्र होतं. सहा इंचांच्या पडद्यावर त्याचे तुकडे होतात. फोन आडवा धरून थोडं जमतं, टॅबवर बरंच जमतं, पण खरी मजा कागदावरच.

आणि एक कडू गोष्ट. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या फुकटच्या पीडीएफ मीही उघडल्या आहेत. ‘मृत्युंजय’ची तर हमखास येते. त्यात पानं वाकडी, कडेच्या ओळी गायब. चित्रपुस्तकाची तर नुसती राख होते. शिवाय ज्या चित्रकारानं दोन-तीन वर्षं घातली, त्याच्या हाती काहीच लागत नाही. मग आपणच म्हणतो, मराठीत असं का निघत नाही.

वाचनालयात ही पुस्तकं यावीत म्हणून काय करता येईल?

आजऱ्याचं श्रीमंत गंगामाई वाचन मंदिर शंभरहून अधिक वर्षं जुनं आहे. असं वाचनालय अनेक तालुक्यांना लाभलेलं नाही. १९६७ च्या कायद्याखाली राज्यातल्या मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि अनुदान त्या वर्गाप्रमाणे मिळतं. १९७२ मध्ये कोलकात्यात स्थापन झालेल्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडूनही राज्यांमार्फत ग्रंथालयांना पुस्तकांसाठी मदत होते. पण कुठलं पुस्तक घ्यायचं, हे शेवटी मागणीवर ठरतं. वाचक मागत नसेल, तर ग्रंथपाल तरी कशाच्या जोरावर घेणार?

म्हणून तीन साध्या गोष्टी :

१. आपल्या वाचनालयाचे सभासद व्हा आणि हवं ते पुस्तक लेखी मागा. पुस्तकाचं नाव, लेखक आणि प्रकाशक एवढं पुरतं.
२. एकट्यानं मागू नका. चौघांनी एकच पुस्तक मागितलं की मागणीला वजन येतं.
३. वाढदिवसाला केक कापता, तेव्हा एक चित्रपुस्तक शाळेला द्या. महाग वाटलं तर तिघांत मिळून द्या.

मग भाचीच्या प्रश्नाचं काय?

तिला मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, ‘सावंतांना कर्णाची कैफियत मांडायची होती. द्रौपदी बोलली असती, तर खटल्याचा निकाल बदलला असता.’

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘मग तो भाग कुणीतरी लिहायला पाहिजे न्हवं?’

आता तिच्या वहीत सहा चौकटी आखलेल्या आहेत. पहिल्या चौकटीत भरलेली सभा, सगळे पाठमोरे. दुसरीत एक बाई, तीही पाठमोरीच. तोंड तिला अजून जमत नाही म्हणते. संवादाचा फुगा मात्र मोठा काढून ठेवला आहे, रिकामा.

‘मृत्युंजय’च्या शेजारी ती वही ठेवली आहे. आजऱ्यात आता सावंतांबद्दल काय बोललं जाईल, याची मला भीती वाटत नाही. साठीकडे आलेलं पुस्तक नववीतल्या मुलीला भांडायला लावतं, म्हणजे ते अजून जिवंत आहे. आपण नुसती त्याची आरती करत बसलो असतो, तर त्याला खाकी कव्हरातून कुणी बाहेर काढलंच नसतं.